अमली पदार्थांचे तस्कर आणि उद्योगपती यांना एकाच मापाने मोजू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमली पदार्थांच्या व्यापारावर आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख आमच्या गावच्या वाचनालयात एकाने मोठ्याने वाचला आणि दहाबारा जणांनी तो ऐकला. लेखकाचा निष्कर्ष असा होता की, राजकारण विकत घेण्याच्या बाबतीत कोकेनचा तस्कर आणि बडा उद्योगपती यांच्यात काहीच फरक नाही. एकाच्या कार्यालयात परवाना टांगलेला असतो, दुसऱ्याच्या नसतो, इतकेच. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. त्यांचा राग मला कळतो. ज्यांच्या कापसाचा आणि धानाचा भाव दुसरेच कोणी ठरवतात, त्यांना सगळे पैसेवाले एकाच माळेचे मणी वाटले तर नवल नाही. परंतु मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले, त्यातली बहुतेक वर्षे नागभीड आणि सिंदेवाही तालुक्यांत गेली, अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून बसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदीच्या चळवळीतही होते. या दोन्ही प्रकारच्या पैशाशी माझी गाठ पडलेली आहे. त्या अनुभवावरून मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो, आणि चुकीचा असूनही तो इतक्या सहज पटतो याची काळजी वाटते.

फरक नेमका कुठे आहे हे दाखवायला कोलंबियातील एका संपादकाची हकिगत पुरेशी आहे. गिलेर्मो कानो हे बोगोता येथील ‘एल एस्पेक्टादोर’ या जुन्या दैनिकाचे संपादक होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या दैनिकाने ग्रांकोलोंबियानो या देशातील अत्यंत बलाढ्य वित्तसमूहाचे गैरव्यवहार उघडकीस आणले. गुंतवणूकदारांचा पैसा समूहाच्याच कंपन्यांच्या कामी लावला जात होता. समूहाने आपल्या सर्व कंपन्यांच्या जाहिराती बंद करून त्याला उत्तर दिले. वर्तमानपत्राच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे मी आपणास सांगायला नको. दैनिक तरीही लिहीत राहिले आणि पुढे त्या समूहाच्या प्रमुखावर देश सोडण्याची वेळ आली.

त्यानंतर ऑगस्ट १९८३ मध्ये याच दैनिकाने आपल्या जुन्या अंकांतून १९७६ सालची एक बातमी शोधून पुन्हा छापली. पाब्लो एस्कोबार नावाच्या इसमाला कोकेनच्या प्रकरणात अटक झाल्याची ती बातमी होती. हा एस्कोबार तोपर्यंत गरिबांना घरे बांधून देणारा दानशूर म्हणून मिरवत होता आणि १९८२ च्या निवडणुकीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला होता. बातमीनंतर काही महिन्यांतच त्याला राजकारण सोडावे लागले. त्याला संसदेत उघडे पाडणारे कायदामंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांचा ३० एप्रिल १९८४ रोजी मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी खून केला. १७ डिसेंबर १९८६ च्या संध्याकाळी गिलेर्मो कानो काम आटोपून कार्यालयातून गाडीने बाहेर पडत असताना त्यांनाही तसेच गोळ्या घालून मारण्यात आले. सप्टेंबर १९८९ मध्ये दैनिकाच्या इमारतीबाहेर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवण्यात आला. दुसऱ्या दिवशीचा अंक तरीही निघाला.

संपादक तोच, दैनिकही तेच. एका ताकदवान पैशाला दुखावले तेव्हा जाहिराती गेल्या. दुसऱ्याला दुखावले तेव्हा जीव गेला. जाहिराती बंद करणे हा लहान अन्याय आहे असे मी म्हणत नाही. पण त्या अन्यायाविरुद्ध दुसऱ्या दिवशी अग्रलेख लिहिता येतो, आणि कानो यांनी तो लिहिला.

तस्कर जन्माने क्रूर असतो म्हणून हे घडते, असेही मला वाटत नाही. त्याच्या धंद्याचीच ती गरज असते. ज्याचा व्यवहारच बेकायदेशीर, त्याला उधारी बुडाली तर दिवाणी दावा लावता येत नाही, भागीदाराने फसवले तर करार दाखवता येत नाही, आणि माल पकडला गेला तर विम्याची भरपाई मागता येत नाही. म्हणून बंदूक हेच त्याचे न्यायालय असते. राजकारणाकडे त्याचे मागणेही वेगळे असते. कंपनीला आपल्या सोयीचा कायदा हवा असतो. तस्कराला कायदा कसाही असला तरी चालतो, तो आपल्यावर चालू नये एवढेच त्याला हवे असते. कोलंबियाच्या तस्करांना सगळ्यांत जास्त भीती होती ती पकडून अमेरिकेच्या हवाली केले जाण्याची. त्यासाठी त्यांनी न्यायाधीश मारले, पोलीस मारले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे प्रमुख दावेदार लुइस कार्लोस गालान यांना भर सभेत ठार केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एक प्रवासी विमान आकाशात उडवून दिले, ज्यात १०७ जण होते. शेवटी १९९१ च्या नव्या राज्यघटनेत जन्माने कोलंबियन असलेल्या नागरिकाला परदेशाच्या स्वाधीन करण्यास बंदी घालण्यात आली आणि घटना समितीने त्यावर मत दिले त्याच दिवशी, १९ जूनला, एस्कोबार आपल्या पसंतीच्या तुरुंगात शरण आला. एका देशाच्या राज्यघटनेतले कलम असे बंदुकीच्या धाकाने लिहून घेतले गेले. तिकडे या पद्धतीला ‘चांदी की शिसे’ असे म्हणतात. लाच घे, नाहीतर गोळी घे, असा त्याचा अर्थ.

हे सगळे फार दूरचे वाटेल, म्हणून आमच्या तालुक्यात ते कसे दिसते ते सांगते.

डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर दारूबंदीसाठी महिलांचा पायी मोर्चा निघाला होता. शाळेतून रजा काढून मीही त्यात दोन दिवस चालले. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली तेव्हा आम्ही गावात गुलाल उधळला. पहिल्या वर्षी खरोखरच फरक पडला. संध्याकाळी बाया निर्धास्त बाहेर निघू लागल्या, माझ्या वर्गातल्या मुलांच्या पायांत चपला दिसू लागल्या. नंतर मात्र हळूहळू बाहेरच्या जिल्ह्यांतून पेट्या येऊ लागल्या आणि गावोगावी एकेक माणूस त्या धंद्यात मोठा झाला. आमच्याही गावात झाला. आधी त्याच्याकडे दीड एकर धानाची बांधी आणि एक जुनी मोटारसायकल होती.

बंदीच्याच काळात आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दोन पॅनेल समोरासमोर होती. आमच्याकडे मतदानाच्या आदल्या रात्रीला कत्तलीची रात्र म्हणतात, आणि त्या रात्री बाटल्या वाटण्याची वाईट चाल जुनी आहे. जिल्ह्यात दारूची दुकाने उघडी असताना ज्याला त्याला हव्या त्या दुकानातून माल आणता येई. आता मात्र माल देऊ शकणारा एकच माणूस होता, म्हणून दोन्ही पॅनेलांचे पुढारी रात्री त्याच्याच गोठ्यावर गेले आणि दोघांनीही उधारीवर माल उचलला. तो स्वतः कुठल्याही पॅनेलमध्ये नव्हता. त्याच्या नावाचे पत्रक नव्हते, त्याने एकही सभा घेतली नाही, आणि निकाल लागण्याआधीच तो निवडून आलेला होता, कारण सरपंच कोणीही झाला तरी तो त्याचा देणेकरी असणार होता. निकालानंतर महिन्याभरात तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्षपद त्याच्या मेहुण्याकडे गेले. ठाण्यातल्या कोणाला त्याच्याकडून काय पोहोचत होते हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. पण गावात धाड येण्याआधी त्याला कळत असे, हे लहान पोरांनाही माहीत होते.

ग्रामसभेत मी त्याच्याविरुद्ध बोलले आणि तालुक्याला लेखी तक्रारही दिली. चारच दिवसांनी तो घराच्या फाटकापाशी उभा राहून अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, औंदा धान चांगला दिसून राहिला तुमचा.” बस्स, एवढेच. माझ्या यजमानांनी नुकतीच कापणी करून बांधीत धानाचे दोन पुंजणे रचून ठेवले होते, चुरणे बाकी होते. पुढच्या अमावस्येच्या आसपास एका रात्री दोन्ही पुंजणे जळाले. आम्ही पोहोचलो तोवर वरचा पेंढा काळा पडून खाली बसला होता आणि आत धान लाह्यांसारखे फुटत होते. तो आवाज मी अजून विसरलेली नाही. पंचनाम्यात ‘अज्ञात इसमाने’ असे लिहिले गेले. शेजारच्या बांधीत जागलीला असलेल्या माणसाने काही पाहिले नव्हते. त्याला मी दोष देत नाही, त्याचाही पुंजणा तिथेच होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्याच नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या अंगावर ती गाडी घालून त्यांचा जीव घेण्यात आला. गणवेशातल्या अधिकाऱ्याची ही गत होते, तिथे राखणदाराने कोणाच्या भरवशावर तोंड उघडायचे?

मे २०२१ मध्ये सरकारने दारूबंदी उठवली. मी आजही दारूच्या विरोधातच आहे आणि बंदी उठली त्या दिवशी मला रडू आले होते. पण खरे आहे ते लिहिले पाहिजे. आता जवळच्या मोठ्या गावात परवान्याचे दुकान आहे. त्याचा मालकही पुढाऱ्यांना पैसे देत असणार, गणपतीला वर्गणी देतो, शाळेला पाण्याचे यंत्र देऊन त्यावर आपले नाव कोरून घेतो. त्याचा प्रभाव आहेच. पण त्या दुकानाला पाटी आहे, उत्पादन शुल्क विभागाकडे त्याचा हिशेब आहे, आणि गावाने ठरवले तर रीतसर मतदान घेऊन, आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पाडून, ते बंद करता येते. राज्यात अनेक गावांतल्या बायांनी अशी दुकाने बंद केली आहेत. गोठ्यातल्या दुकानाविरुद्ध असे मतदान कोण घेणार? मतपत्रिकेवर त्या दुकानाचे नाव तरी काय छापणार?

याच्या समोर दुसरा अनुभव ठेवते. काही वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीचे धानाचे बियाणे आमच्या भागात उगवलेच नाही. मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले, खाली स्वतःचे नाव आणि गाव दोन्ही घातले. कंपनीचा प्रतिनिधी घरी आला, चहा प्यायला आणि तासभर मला समजावत बसला की, दोष बियाण्याचा नसून पावसाचा आहे. कृषी केंद्राच्या मालकाने पुढचे दोन हंगाम आम्हाला उधार दिले नाही. तालुका समितीचा अहवाल मोघम आला आणि शेवटी बियाण्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम हाती पडली. न्याय झाला असे मी म्हणणार नाही. कंपनीचा वजनदार हात त्या अहवालावर फिरला असावा, अशी शंका मला आजही आहे. पण त्या सगळ्या काळात मी रात्री दाराला दोन कड्या लावून झोपले नाही.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल की, बाई उद्योगपतींची वकिली करतात. तसे नाही. परवाना असलेल्या पैशाने काय काय केले आहे, ते मी वर्गात मुलांना शिकवलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीला तर व्यापाराची सनद होती. तिने भारतात पिकवलेली अफू चीनमध्ये खपवली, आणि चीनने ती रोखली तेव्हा १८३९ मध्ये ब्रिटनने त्यासाठी युद्ध पुकारले. ग्वाटेमालामध्ये युनायटेड फ्रूट कंपनी केळीचा अगदी कायदेशीर व्यापार करत होती. १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्यानुसार सरकारने तिची पडीक जमीन भूमिहीनांना देण्यासाठी घेतली आणि कंपनीने करासाठी स्वतःच नोंदवलेल्या किमतीप्रमाणे सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर मोबदला देऊ केला. कर भरताना कमी लिहिलेली ती किंमत मोबदल्याच्या वेळी मात्र कंपनीला मान्य झाली नाही; तिच्या वतीने सुमारे १ कोटी ५८ लाख डॉलरची मागणी झाली, कंपनीने वॉशिंग्टनमध्ये आपले सर्व वजन खर्च केले, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने घडवून आणलेल्या उठावात लोकांनी निवडून दिलेले राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांचे सरकार पडले. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी ज्यांची जमीन गेली आहे, त्या आमच्याकडच्या शेतकऱ्यांना मोबदल्याच्या या दोन आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच कंपनीची वारस असलेल्या चिकिता कंपनीने कोलंबियातील निमलष्करी टोळ्यांना १९९७ ते २००४ या काळात १७ लाख डॉलर दिल्याचे २००७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केले. या टोळ्या खून पाडत आणि कोकेनच्या व्यापारातूनही पैसा मिळवत. कंपनीला अडीच कोटी डॉलर दंड झाला. २०२४ च्या जूनमध्ये फ्लोरिडातील ज्युरीने त्या टोळ्यांच्या हातून मारल्या गेलेल्या आठ जणांच्या कुटुंबीयांना ३ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यावी, असा निकाल दिला. गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचे ठेकेदार आतल्या बाजूला, म्हणजे नक्षलवाद्यांना, खंडणी पोहोचवत, हे आमच्या भागात कोणाला नवीन नाही. त्यामुळे ‘आम्ही जीव वाचवण्यासाठी दिले’ ही चिकिताची सबब मला अगदीच खोटी वाटत नाही. पण जीव वाचला तो कंपनीच्या माणसांचा, आणि गेला तो केळीच्या मळ्यांतल्या मजुरांचा, हेही तितकेच खरे.

घराजवळचे उदाहरण तंबाखूचे आहे. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. मी सातवीच्या मुलांना वर्षातून दोनदा तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत घालायला सांगत असे. ज्याची दोनच जात, त्याच्या घरी मी जात असे. एका मुलाचे तर एकच बोट जात होते, आणि त्याची आई म्हणाली की, तिखट लागते म्हणून तो भाजी धुऊन खातो. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, सुगंधित तंबाखूवरही बंदी आहे. सुगंधित तंबाखूचा कारखाना दुसऱ्या राज्यात कायदेशीर आणि माल आमच्या पानठेल्यावर बेकायदेशीर, अशी ती स्थिती आहे. तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के भागात धोक्याचे चित्र छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता, तो संसदेच्या एका समितीने पुढे ढकलायला लावला. समितीचे अध्यक्ष आपल्याच राज्यातले अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते, आणि तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा अभ्यास भारतात झालेला नाही, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले. विडीचा मोठा व्यवसाय असलेले खासदार श्यामाचरण गुप्ता त्याच समितीवर सदस्य होते. ज्याच्या मालावर चित्र छापायचे, तोच चित्र असावे की नसावे हे ठरवायला बसलेला! पण ही गोष्ट मला कशी कळली? वर्तमानपत्रांत नावानिशी आली म्हणून. तिच्यावर गदारोळ झाला, डॉक्टर बोलले, रुग्ण बोलले, आणि एक वर्ष उशिरा का होईना, १ एप्रिल २०१६ पासून ते चित्र पाकिटावर आले. त्यासाठी कोणाचा पुंजणा जळाला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, दोन्ही पैसा राजकारण वाकवतो, परंतु परवान्याच्या पैशाची कुठेतरी नोंद राहते आणि त्या नोंदीला धरून निःशस्त्र माणसाला भांडता येते. हाच फरक नागरिकाच्या उपयोगाचा आहे, आणि तो पुसण्याची धडपड दोन्ही बाजूंनी चालू असते.

तस्कराला उद्योगपती व्हायचे असते. कोलंबियातल्याच काली शहराच्या टोळीने बॉम्बपेक्षा देणग्यांवर भर दिला. तिच्या प्रमुखांची औषध दुकानांची देशभर साखळी होती, आणि १९९४ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो साम्पेर यांच्या प्रचारात या टोळीचे सुमारे ६० लाख डॉलर आल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यात त्यांचे संरक्षणमंत्री तुरुंगात गेले, साम्पेर यांना मात्र संसदेने १९९६ मध्ये दोषमुक्त केले. होंडुरासचे माजी राष्ट्राध्यक्ष हुआन ओर्लांदो एर्नांदेस यांना कोकेनच्या तस्करीत सामील असल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२४ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा दिली आणि २०२५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या माफीने ते सुटले. तस्करीचा पैसा इतका वर पोहोचतो तो नेहमी कोणत्या तरी परवानाधारकाच्या हातूनच. एचएसबीसी या जगप्रसिद्ध बँकेतून मेक्सिको आणि कोलंबियाच्या टोळ्यांचे किमान ८८ कोटी १० लाख डॉलर फिरले, हे डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. बँकेने १९० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. तिच्या एकाही अधिकाऱ्याला त्यासाठी तुरुंगात जावे लागले नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याप्रमाणे २० किलोहून अधिक गांजा सापडला तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे आणि जामीन मिळणे अत्यंत कठीण. ओडिशाकडून येणाऱ्या गाडीत दुसऱ्याची बॅग सांभाळत बसलेले आमच्या भागातले पोरगे त्या कलमात सापडते. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या नशेच्या रसायनाचा प्रचंड साठा पकडला तो काही जंगलातून नव्हे, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून.

दुसऱ्या बाजूने, परवान्याचा पैसा अंधारात जाऊ पाहतो. २०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक देणगी देऊ नये ही मर्यादा काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे नफा-तोटा पत्रकात सांगण्याचे बंधनही काढले. पैसा कोणी दिला हे मतदाराला कळणारच नाही, अशी ती योजना होती. पक्ष सत्तेतला असो वा विरोधातला, बहुतेकांनी रोखे घेतले, म्हणून याला एका पक्षाचे पाप मी म्हणत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि महिन्याभरात याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा सर्वाधिक, १३०० कोटींहून जास्त रकमेचे रोखे लॉटरीचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने घेतल्याचे देशाला समजले. त्या सहा वर्षांत आपल्या कायदेशीर उद्योगांचा पैसा नेमका आमच्या गावच्या गोठ्यातून आल्यासारखा येत होता. घेणाऱ्याला देणारा ठाऊक असे, फक्त गावाला ठाऊक नसे.

म्हणूनच ‘दोघे सारखेच’ हे वाक्य मला घातक वाटते. ते ऐकून माना डोलावणारी माझी माणसे उद्या देणग्यांची यादी प्रसिद्ध झाली तरी उघडून पाहणार नाहीत, कारण सारखेच आहेत म्हटल्यावर पाहायचे काय? उमेदवारांची शपथपत्रे निवडणुकीत तहसील कार्यालयाच्या फलकावर लागतात. गेल्या खेपेस मी ती उतरवून घेत उभी होते तेव्हा दोन तासांत माझ्याशिवाय एकच तरुण तिथे थांबला, आणि तोही शिक्का मारून घ्यायला आलेला होता. आपल्या दैनिकाने निदान तालुक्याच्या पानावर ती शपथपत्रे आणि निवडणुकीनंतर सादर होणारे खर्चाचे हिशेब छापावेत, अशी माझी विनंती आहे. माझ्याकडे आमच्या गटाच्या उमेदवारांची शपथपत्रे हाताने उतरवलेली आहेत. त्यांच्या प्रती सोबत जोडत आहे.

आणखी एक विनंती. बियाण्याच्या कंपनीविरुद्धच्या पत्राखाली मी माझे नाव आणि गाव घातले होते, हे वर लिहिलेच आहे. या पत्राची मूळ प्रत माझ्या सहीची आहे, आपणास माझा पत्ताही ठाऊक आहे, पण पत्र छापताना दोन्ही गाळावे. यंदाचे धान कापून झाले आहे आणि पुंजणे अजून बांधीतच आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर